बाबांच्या गॅरेजमधला हीटर

१

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, मेकॅनिक ईसब्रांटनं नाही, आणि हीटर बनवणाऱ्या कंपनीच्या फोनवरच्या त्या गोडबोल्या बाईनं तर नाहीच नाही. तिनं मला चार वेळा विचारलं, "सोबतचं पुस्तक वाचलंत का?" पुस्तक आहे माझ्याकडे. पण ते इंग्रजीत. मी मेक्सिकोतल्या आमच्या पंथाच्या कॉलनीत बाराव्या वर्षापर्यंत शाळेत गेले. तिथं प्रार्थना आणि पाढे शिकवले, मग आईनं दूध काढायला बसवलं. म्हणून काय मला डोळे नाहीत? हीटर पेटलाय की नाही हे बघायला मोठी शाळा शिकावी लागते?

माझा नवरा आब्राम लाकडांचा ट्रक चालवतो. हिवाळाभर तो जंगलातल्या कॅम्पात असतो, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो, खातो, झोपतो, जातो. मागे मी आणि माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात सासू गेली, तेव्हापासून ते घरात बसतच नाहीत. न्याहारी झाली की सुरू, "पोरी, मला गॅरेजात ने." गॅरेज घराला लागून आहे, मधे फक्त एक दार. मी त्यांना काखेत धरून नेते, खुर्चीत बसवते, मांडीवर गोधडी टाकते आणि हातात सूर्यफुलाच्या बियांची वाटी देते. दिवसभर तिथं बिया फोडत बसतात. टरफलं थेट जमिनीवर. झाडायची मी.

नोव्हेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला. त्यात पाय गेले. आता धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीत फार काही उरलेलं नाही, पुन्हा गारठा बसला तर हाताला लागणार नाहीत. इथं उत्तरेकडे जानेवारीत बाहेर उणे अडतीस असतं. म्हणजे गॅरेजातला हीटर चालला पाहिजे. एवढंच माझं म्हणणं होतं.

२

हा हीटर कसा पेटतो ते मला आता तोंडपाठ आहे. तो छताला कोपऱ्यात टांगलेला आहे. भिंतीवर थर्मोस्टॅटची चकती आहे, ती फिरवली की टक टक वाजते. आधी धूर बाहेर ओढणारा पंखा घुरघुरतो. मग आतून टक् असा आवाज येतो. मग एक कांडी तापते, लाल, मग पांढरी. मग गॅस सुटतो आणि फुस्स करून जाळ धरतो. जाळाशेजारी बोटभर तार असते, तिला आच लागली की हीटरला कळतं, पेटलं. नाही लागली तर तो स्वतःच गॅस तोडतो. तीन वेळा करून बघतो. तीनदा नाही जमलं की लाल दिवा मिचकावत रुसून बसतो, आणि मग बटण बंद-चालू केल्याशिवाय हलत नाही.

या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो रुसायला लागला. दहा वेळा लावला तर चार वेळा पेटायचा. कधी पेटून आठ-दहा सेकंदांत विझायचा. कधी नुसती कांडी तापायची आणि जाळच नाही.

मी रडत बसणारी बाई नाही. स्टुलावर चढले, झाकण काढलं. ती तार काढून भांडी घासायच्या तारेनं चकचकीत केली. फरक पडला नाही. बाहेर शिडी लावली, धुराच्या पाइपाच्या तोंडाला बर्फाची साय धरली होती ती पाव कापायच्या सुरीनं खरवडली. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटल्या, पण पाइप मोकळा केला. फरक नाही. पंख्याजवळ रबराची बारीक नळी असते, तिच्यात पाणी साचतं म्हणे. काढून फुंकली. कोरडी. गॅसचा कॉक बघितला, पिवळा दांडा पाइपाला समांतर, म्हणजे उघडा. स्वयंपाकघरातली शेगडी त्याच गॅसवर, ती छान जळत होती.

खाली बाबा बिया फोडत होते.

"हा डबा बदलायला हवा," मी म्हटलं.

"डब्याचं काही चुकलेलं नाही," बाबा म्हणाले. "तो बिचारा लावतोय, तेवढं लावतोय."

३

ईसब्रांट टेव्स हा आब्रामचा आतेभाऊ. गावातले सगळे हीटर आणि भट्ट्या तोच दुरुस्त करतो. मोठ्या पोटाचा, मोठ्या हसण्याचा. आला, स्टुलावर चढला, चकती फिरवली. फुस्स. पेटला. बंद केला, लावला. पेटला. नऊ वेळा लावला, नऊ वेळा पेटला.

"युस्टिना, याला काही झालेलं नाही."

"मग मला झालंय?"

"असं मी कसं म्हणू? मला घरी जायचंय अजून." हसला. "तुझ्या आवाजाला भीत असेल. जरा गोडीनं बोल त्याच्याशी."

"तुझ्या बायकोशी बोलतोस तसं? म्हणून ती वर्षातले सहा महिने माहेरी असते का?"

बाबा खोकत खोकत हसले. ते त्यांचं शेवटचं हसणं.

ईसब्रांटनं तरीही कांडी नवी घातली, गॅसचा दाब मोजला, हीटरला अर्थिंगची वायर नीट लागलीय का ते पाहिलं. सगळं जिथल्या तिथं. माझे चार बन कॉफीत बुडवून खाल्ले आणि गेला. त्याची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत माझ्या डोक्यावर घुर्र, टक्, कांडी लाल, कांडी पांढरी. जाळ नाही. परत. परत. लाल दिवा.

मी हातातला झाडू हीटरला फेकून मारला.

४

त्यानंतरची गोष्ट मला आधीच दिसायला हवी होती.

मी चकती नेहमी पंधरावर ठेवते. पंधरा अंश बाबांना पुरतात, वर गोधडी असतेच. त्या दुपारी सूप घेऊन गेले तर हीटर रुसलेला, बाबांच्या नाकाचं टोक निळं, आणि चकती पंचविसावर.

"बाबा, चकतीला हात कोणी लावला?"

"मी नाही."

"मग मांजरानं लावला?"

"आपल्याकडे मांजर कुठाय, पोरी?"

मी चकती पंधरावर आणली आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बघितलं, रेघेवर. बारा वाजता बघितलं, चकती पार शेवटाला, जिथून पुढं ती फिरतच नाही. बाबा खुर्चीत, पायांवर गोधडी माझ्या हातानं खोचली होती तशीच खोचलेली. खुर्चीपासून भिंत आठ पावलं.

आणि टरफलं. बाबांची टरफलं खुर्चीभोवती पडतात, एक-दोन उडून लांब जातात. त्या दिवशी लांब गेलेल्यांपैकी काही चिरडलेली होती. गॅरेजच्या मधोमध सुरू होऊन थर्मोस्टॅटच्या भिंतीपर्यंत. माझेच पाय पडले असतील. मी दिवसात वीस वेळा ये-जा करते. फक्त मी घराच्या दारातून येते, मधोमधून नाही.

संध्याकाळी आब्रामचा फोन आला.

"बाबांनी फिरवली असेल," तो म्हणाला.

"तुझे बाबा धरल्याशिवाय लघवीला उभे राहत नाहीत."

"मग तूच फिरवलीस आणि विसरलीस. दमतेस तू, युस्टिना."

"बावीस वर्षांत मी काय विसरले ते एक सांग. एक सांग, आब्राम."

मागं कॅम्पातल्या पुरुषांचं हसणं ऐकू येत होतं. "ईसब्रांटला परत बोलाव," म्हणाला आणि ठेवला.

५

ईसब्रांट परत आला, या वेळी जरा कमी हसत. म्हणाला, थर्मोस्टॅट खराब असेल, नवा बसवू. आकड्यांचा आणला होता. मी म्हटलं, मला आकडे दाबत बसायचं नाही, चकतीचाच दे. त्यानं जुना भिंतीवरून काढला. दोन बारीक वायरी भोकातून बाहेर लटकल्या, एक लाल, एक पांढरी, एकमेकींपासून चार बोटं लांब. तो नवा आणायला गाडीकडे गेला.

घुर्र.

मी वर बघितलं. पंखा फिरत होता. टक्. झाकणाच्या फटीतून लाल उजेड.

मी वायरींकडे बघितलं. चार बोटं लांब. त्या एकमेकींना लागल्या तरच हीटरला निरोप जातो, ईसब्रांटनंच मला पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. त्या हलतही नव्हत्या.

कांडी पांढरी झाली. जाळ नाही. थांबली. पुन्हा घुर्र. माझा हात आपोआप वायरींकडे गेला आणि मी तो मागं घेतला. तिसऱ्यांदाही तसंच, आणि मग लाल दिवा.

"आज लवकर आली," बाबा म्हणाले.

"कोण?"

त्यांनी बी दातात धरली, फोडली, टरफल थुंकलं. "रोज एकच विचारते. मी सांगत नाही."

"काय विचारते?"

"तुला काय करायचंय?"

ईसब्रांट हात चोळत आत आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं वायरी बघितल्या, मला बघितलं. "भिंतीच्या आत कुठंतरी चिकटत असतील," म्हणाला.

"मग भिंत फोड."

"युस्टिना."

"फोड म्हणते ना! हातोडा तिथं आहे."

त्यानं भिंत फोडली नाही. नवी चकती बसवली, हीटर चार वेळा लावून दाखवला, चारही वेळा पेटला. जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, "तुझी झोप नीट होते का?"

माझी झोप! मी दार त्याच्या पाठीवर आपटलं.

६

आता मी एक सांगते. हे मी आब्रामलाही सांगितलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत सासू गेली, आगानेता. सकाळी अंथरुणातच. नर्स आली, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, कागदावर वेळ लिहून सही केली. सासूच्या बहिणी मेक्सिकोत. गाडीनं यायला त्यांना चार दिवस लागणार होते. आमच्यात आम्ही आपलं माणूस परक्यांच्या हाती देत नाही. बायका न्हाऊ घालतात, पांढरे कपडे, पांढरी टोपी घालतात आणि दफन होईपर्यंत गार जागी ठेवतात. पुरुषांनी गॅरेजच्या मधोमध सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली आणि हीटर बंद केला. तिला मी न्हाऊ घातलं. हनुवटी मी बांधली. फळीखाली परातीत बर्फ ठेवायचा, तो सकाळ-संध्याकाळ मी बदलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर परातीत पाणी आणि हीटर चालू. चकती विसावर. चर्चच्या बायका पाळीनं बसायला येत होत्या. मी त्यांना फाडून खाल्लं. "गारठा सोसत नसेल तर घरी जा! तिला नासवायची आहे का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, आम्ही हात नाही लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग मी स्टुलावर चढून गॅसचा कॉकच बंद केला. पान्यानं दाबून, कोणाच्या बोटांनी हलू नये असा.

त्या दुपारी बायका आत कॉफी प्यायला गेल्या होत्या. मी ताजा बर्फ घेऊन दार उघडलं. घुर्र. टक्. कांडी लाल, पांढरी. गॅस नाही. पुन्हा. पुन्हा. चकती शेवटपर्यंत फिरवलेली होती. गॅरेजात दोघंच, खुर्चीत डोळे मिटलेले बाबा, आणि ती.

मी चकती उलटी फिरवून बंद केली. परातीत बर्फ ओतला. चादर उचलून बघितली नाही. कशाला बघू? दीडशे माणसांचे बन भाजायचे होते.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "तिला थंडी वाजतेय."

मी म्हटलं, "बाबा, मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही." मोठ्यानं म्हटलं. आतल्या बायकांनीही ऐकलं.

बाबा तेव्हा काठी घेऊन चालायचे. त्यांनीच फिरवली असणार. बायको गेलेली, डोकं ठिकाणावर नाही, माणूस असं करतो. वर्षभर मी तेच धरून चालले. नर्सचा कागद माझ्या खणात आहे. ईसब्रांट गेल्यावर काढून बघितला. वेळ आहे, सही आहे. कागद आहे म्हणजे ती मेलीच होती.

७

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, पुरे झालं. बाबांना स्वयंपाकघरात, शेगडीपाशी बसवलं. "आजपासून इथं. गॅरेज बंद."

ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "मी आत आलो तर तीही आत येईल."

"येऊ दे. भांडी घासायला मदत होईल."

बिया दिल्या. नूडल्स लाटायला घेतल्या. साधारण अकरा वाजता शेगडी टकटकायला लागली. आमच्या शेगडीला बटण आहे, ते दाबलं की ठिणगी पडते. कोणी दाबलं नव्हतं. टक टक टक टक. ओलाव्यानं होतं असं, मला माहीत आहे, मागं एकदा उकळतं दूध सांडलं होतं तेव्हा झालं होतं. बटण ओढलं, पुसलं, फुंकलं. टक टक टक. काडेपेटी घेतली, गॅस सोडला आणि काडी ओढून धरली. शेगडी पेटली नाही. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली.

"बघ," बाबा म्हणाले. "ने मला परत."

मी नेलं. होय, मीच नेलं. त्यांना काखेत धरून आठ पावलं चालवलं, खुर्चीत बसवलं, आणि आमच्या मागं स्वयंपाकघरातली टकटक थांबली.

८

शनिवारी उणे एकेचाळीस होतं. आब्रामला फोन लागत नव्हता. ईसब्रांटची बायको म्हणाली तो पलीकडच्या गावात आहे, आला की पाठवते, आणि ठेवायच्या आधी तिनं असा श्वास सोडला की मला तिच्या केसांना धरावंसं वाटलं.

सकाळपासून हीटर एकदाही पेटला नव्हता. मी बाबांवर तीन गोधड्या टाकल्या, पायांशी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. त्या अर्ध्या तासात गार व्हायच्या. दुपारी त्यांचे ओठ निळे पडले, बिया बोटांतून सुटायला लागल्या. श्वास घेताना छातीतून ओला आवाज येत होता. तो आवाज मी नोव्हेंबरात ऐकला होता.

"बाबा, घरात चला. काय व्हायचं ते होऊ दे."

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीचा दांडा धरला. मी ओढलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते कोणास ठाऊक. मी रडले, रागानं, दुसऱ्या कशानं नाही. मग स्टूल हीटरखाली ओढलं आणि वर चढले.

कॉक उघडा होता. बटण बंद करून चालू केलं. हीटरच्या पोटाला कपाच्या तोंडाएवढी काच आहे, आतला जाळ बघायला. मी तिला तोंड लावून उभी राहिले. पेट, म्हटलं. एकदा पेट, मग उद्या जळून खाक हो.

घुर्र. टक्. कांडी लाल झाली, पांढरी झाली. जाळ नाही. कांडी विझली, आणि आत अंधार झाल्यावर ती काच आरशासारखी झाली. माझा चेहरा दिसला. मागं गॅरेज, खिडकीतला दुपारचा उजेड, बाबांची खुर्ची, भिंत.

घुर्र. टक्. दुसऱ्यांदा. कांडीचा उजेड डोळ्यांत भरला. विझला. माझा चेहरा, खिडकी, खुर्ची. थर्मोस्टॅटपाशी काहीतरी पांढरं होतं. तिथं मी टॉवेल टांगते कधी कधी. आज टांगला होता का? आठवेना. टॉवेल एवढा लांब नसतो. टॉवेलाला वर टोपीसारखं गोल काही नसतं. त्याची पाठ माझ्याकडे होती.

मी वळले नाही. वळले तर स्टुलावरून पडेन, असं मी स्वतःला सांगितलं.

टक, टक, टक. हीटर नव्हता तो. भिंतीवरची चकती फिरत होती, एकेक दात, सावकाश, बोटं आखडलेल्या माणसानं फिरवावी तशी. ती शेवटाला पोचली आणि तरी टक, टक, तिथंच अडून.

घुर्र. तिसऱ्यांदा.

"आगानेता," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "अगं, बास कर. वर्षभर नाही सांगितलं मी. पोर चांगली आहे, माझं सगळं करते."

कांडी लाल झाली.

"पण मला आता हा गारठा सोसवत नाही गं."

चकतीचा आवाज थांबला. माझ्या मागं कोणीतरी बोललं की नाही ते मी सांगू शकत नाही, पंखा फार मोठ्यानं फिरत होता. टरफलं चिरडल्याचा आवाज मात्र आला, भिंतीकडून खुर्चीकडे.

"बाबा," मी काचेला तोंड लावूनच म्हटलं, "बाबा, नका."

कांडी पांढरी झाली.

"सांगतो," बाबा म्हणाले. "सांगतो, मग पेटू दे. कॉक बंद केला ती युस्टिना."